सहा महिन्यांची कोठडी: कुत्र्यामांजरांच्या परदेशवारीची गोष्ट

(हे आपल्या ताज्या भागाचं शब्दांकन आहे. लोकलमध्ये नेटवर्क गेलं, हेडफोन घरी राहिले, तर वाचून काढा. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं… म्हणजे…" काढून टाकलेत.)



आजचा विषय मी ठरवला नाही. तो एका मेसेजने ठरवला. पुण्यातली एक श्रोती, रात्री पावणेबाराला लिहिते: "ताई, मला इंग्लंडमध्ये नोकरी लागली. आठ आठवड्यांत जॉइन व्हायचंय. माझी चिंगी चार वर्षांची आहे, रस्त्यावरून उचलून आणलेली, अस्सल देशी. मला वाटलं होतं जास्तीचं तिकीट काढलं की झालं. एजंट म्हणतो, किमान चार-साडेचार महिने लागतील. पैसे देऊनही लवकर होणार नाही म्हणतो. असं का?"

आता बघा, "काय करू?" असं विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई गं, चांगल्या व्हेटला विचार. पण तिने विचारलं "असं का?" आणि हा इतिहासाचा प्रश्न आहे. म्हणजे माझ्या अंगणातला.

मी ती नियमांची यादी मागवून घेतली. चिप. मग रेबीजची लस. मग तीस दिवस थांबा. मग रक्ताची तपासणी. मग तीन महिने थांबा. मग निघायच्या आधी जंतांचं औषध, तेसुद्धा ठरलेल्या तासांतच. आणि ब्रिटनला जायचं तर कुत्रं तुमच्या सीटखाली नाही, तुमच्याबरोबरचं सामान म्हणूनही नाही, तर कार्गो म्हणून. वाचताना वाटतं, कुठल्यातरी बाबूने कंटाळा आला म्हणून लिहिलंय. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणीतरी किंमत मोजून शिकलेली आहे. कुणी ती शिकलं, कशी शिकलं, तेच आज बघू.

आधी रोग समजून घेऊ

२०२०च्या मार्चमध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारत होते, आठवतंय? "होम क्वारंटाइन", आणि खाली तारीख. माणूस ठणठणीत दिसतोय, ताप नाही, खोकला नाही, तरी चौदा दिवस घरात बस. का? कारण रोग शरीरात शिरणं आणि रोग दिसणं यांत मधे काही दिवस जातात. त्या मधल्या दिवसांवर पहारा ठेवायचा, याला क्वारंटाइन म्हणतात.

रेबीजमध्ये हे मधले दिवस फार लांबलचक असतात. पिसाळलेलं कुत्रं चावलं की लाळेतला विषाणू जखमेत जातो. तो रक्तातून धावत नाही, मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. तोवर कुत्रं मजेत असतं. शेपूट हलवतं, पोळी खातं, पोरांशी खेळतं. विषाणू मेंदूत पोचला, तिथून लाळेत उतरला, की मग दिसतं. आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस असो वा कुत्रा, वाचणं जवळजवळ अशक्य.

आता तुम्ही एकोणिसाव्या शतकातले बंदरावरचे अधिकारी आहात असं समजा. जहाजातून एक कुत्रा उतरतोय. छान दिसतोय. त्याच्या मज्जातंतूत काही सरकतंय का, हे तुम्हाला कसं कळणार? रक्ताची चाचणी नाही. कुत्र्याला द्यायची भरवशाची लस नाही. तुमच्या हातात एकच उपकरण आहे: कॅलेंडर. त्याला कोंडा आणि वाट बघा. सहा महिन्यांत काही झालं नाही, तर सोडा.

त्या सहा महिन्यांमागे एवढं साधं गणित आहे.

मुसक्या आणि मंत्री

हे गणित कायद्यात बसवलं ब्रिटनने. तिथे तेव्हा रेबीज होता, आणि माणसं मरत होती. वॉल्टर लॉन्ग नावाचा मंत्री होता, शेतीखातं त्याच्याकडे. त्याने १८९७च्या सुमाराला दोन गोष्टी एकदम केल्या. देशातल्या कुत्र्यांना, जिथे जिथे रोग आहे तिथे, मुसक्या घालणं सक्तीचं केलं. आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर परवाना आणि क्वारंटाइन लावला.

लोक काय चिडले! "आमच्या गरीब कुत्र्याचं तोंड बांधता?" असं म्हणत सभा झाल्या, वर्तमानपत्रांत पत्रं आली. त्यातून शिकारी कुत्र्यांच्या टोळ्यांना मुसक्यांतून सूट होती. म्हणजे गल्लीतल्या म्हातारीच्या कुत्र्याचं तोंड बांधलेलं आणि उमरावांचे कुत्रे मोकळे. कुणालाही राग येईल. लॉन्ग प्रचंड नावडता झाला, पण हटला नाही.

आणि १९०२ साली ब्रिटन रेबीजमुक्त झालं.

हे थोडं थांबून बघू. लस न टोचता एका देशाने रेबीज संपवला. कसा? एक तर मुसकी घातलेलं कुत्रं चावू शकत नाही, म्हणून साखळी तुटते. दुसरं, ब्रिटन बेट आहे. चारही बाजूंनी पाणी. बाहेरून कुत्रा यायचा तर बंदरातूनच येणार, आणि बंदरावर कुलूप लावता येतं. आपल्याकडे कुठून कुठे कुलूप लावणार? म्हणून पुढच्या शतकात सगळ्यात कडक नियम कुणाचे दिसतात बघा: ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, हवाई. सगळी बेटं.

कसौली आणि पोटातली चौदा इंजेक्शनं

इथे कुणी म्हणेल, अगं पण लस तर होती ना? लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ला जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला लस दिली आणि तो वाचला, हे शाळेत शिकलोय.

बरोबर. पण ती चावल्यानंतर माणसाला द्यायची लस. सीमेवर उभ्या असलेल्या कुत्र्याचा प्रश्न तिने सुटत नव्हता.

आपल्याकडे त्या लसीचं घर झालं ते कसौलीला. १९००मध्ये तिथे पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याआधी हिंदुस्थानात कुत्रं चावलेल्या गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी पार पॅरिसला पाठवत. आपल्या माणसांसाठी अर्थातच पॅरिस नव्हतं. कसौलीतच डेव्हिड सेंपलने १९११मध्ये नवी लस बनवली, मेंढीच्या मेंदूपासून. घरातल्या कुणा मोठ्या माणसाला विचारा, "कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं" ही धमकी आठवते का. ती चौदा इंजेक्शनं म्हणजे हीच सेंपल लस. भारतात ती २००४च्या आसपास बंद झाली. म्हणजे तुमच्यातले काही जण तेव्हा जन्मलेले होते. आता दंडात मोजक्या सुया, आणि जखम खोल असेल तर जोडीला जखमेतच सीरम.

सैनिकाच्या कोटातलं पिल्लू

१९०२ला ब्रिटन मोकळं झालं, आणि सोळा वर्षांनी रोग परत आला. पहिलं महायुद्ध संपत होतं. सैनिक युरोपातून घरी येत होते. खंदकात कुणाला एखादं पिल्लू सापडलेलं, त्याच्याबरोबर चिखलात, तोफांच्या आवाजात महिने काढलेले. आता त्याला तिथेच सोडून यायचं? लपवून आणलं. १९१८मध्ये डेव्हन आणि कॉर्नवॉल भागात रेबीज पसरला. तो पुन्हा निपटायला १९२२ उजाडलं. तीनशेहून जास्त प्राण्यांना लागण झाली.

मला या सैनिकावर रागावता येत नाही. तुम्हाला येतो का? त्याने जे केलं ते प्रेमापोटी केलं. पण त्या प्रेमाचं बिल दुसऱ्यांनी भरलं. आजच्या भागात ही गोष्ट पुन्हापुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

त्यानंतर ब्रिटनने कुलूप आणखी घट्ट केलं. १९२८पासून मांजरंही त्यात आली. आणि हे सहा महिने पुढे सत्तरेक वर्षं टिकले.

याची झळ हिंदुस्थानातल्या साहेबांनाही बसायची. पुण्याच्या कॅम्पात, महाबळेश्वरात, मुंबईच्या मलबार हिलवर साहेबाच्या बंगल्यात कुत्रा असायचाच. पण बदली संपली, विलायतेला निघायचं, तर कुत्र्याचं काय? आधी बोटीचा प्रवास, मग किनाऱ्यावर उतरल्यावर सहा महिने पिंजरा, आणि त्याचा खर्च मालकाने द्यायचा. ज्यांना परवडायचं ते न्यायचे. बाकीचे दुसऱ्या साहेबाला देऊन जायचे, किंवा खानसाम्याकडे सोडायचे. आणि म्हातारा कुत्रा असेल तर निघायच्या आधी स्वतःच त्याला गोळी घालायचे. १९४७मध्ये घाईघाईत देश सोडणाऱ्यांच्या आठवणींमध्ये ही शेवटची गोष्ट येते. राज्य गेल्याचं दुःख बरेचदा कुत्र्याच्या नावाने सांगितलेलं असतं.

थेम्समधली तरंगती कुत्रेशाळा

मोठ्या लोकांनी पळवाट काढली नसती तरच नवल. १९६८मध्ये एलिझाबेथ टेलर, तेव्हाची जगातली सगळ्यात प्रसिद्ध नटी, लंडनला शूटिंगसाठी आली. कुत्रे बरोबर. क्वारंटाइन नको. मग काय केलं? चक्क एक यॉट भाड्याने घेतली आणि थेम्स नदीत नांगरून ठेवली. कुत्रे यॉटवर. कुत्र्यांनी ब्रिटिश जमिनीला पाय लावलाच नाही, म्हणजे कायद्याने ते आलेच नाहीत! पेपरवाल्यांना महिनाभराचं खाद्य मिळालं.

हसण्यावारी गेलं असतं. पण पुढच्याच वर्षी, १९६९मध्ये, कॅम्बर्ली गावात एक भलतीच गोष्ट घडली. जर्मनीहून आलेला एक कुत्रा पूर्ण सहा महिने क्वारंटाइनमध्ये राहिला. नियमाप्रमाणे सुटला. आणि सुटल्यावर काही दिवसांतच पिसाळला, चावला. आसपासच्या जंगलातले कोल्हे आणि बाकीचे प्राणी मारायला बंदूकधारी पाठवले गेले. १९७०मध्ये न्यूमार्केटला तसंच: पाकिस्तानातून आणलेला कुत्रा, कोठडी पूर्ण करून घरी आलेला, आणि मग रेबीज.

म्हणजे ज्या कॅलेंडरवर सत्तर वर्षं विश्वास ठेवला, ते चुकू शकत होतं. सरकारने चौकशी समिती नेमली. क्वारंटाइनमध्ये शिरताना लस टोचणं सक्तीचं झालं. १९७४मध्ये खास रेबीज कायदा आला. बंदराबंदरावर भीतीदायक पोस्टर्स लागली. तिकडे युरोपात कोल्ह्यांमधला रेबीज पोलंडच्या बाजूने दर वर्षी काही किलोमीटर पश्चिमेला सरकत होता. १९६८मध्ये तो फ्रान्समध्ये पोचलेला. पुढे १९९४ला समुद्राखालून बोगदा सुरू झाला, तेव्हा इंग्रजांची एक भीती अशी होती की त्यातून कोल्हा चालत येईल. चेष्टा नाही, बोगद्यात प्राण्यांना अडवायची व्यवस्था खरंच केलेली आहे.

कोंबडीच्या मुंडकीने काय केलं

आता गोष्ट वळण घेते, आणि माझा आवडता भाग येतो.

कोल्ह्याला लस कशी द्यायची? पकडायला गेलात तर तो सापडत नाही. गोळ्या घालून संख्या कमी करायचा प्रयत्न झाला, पण रोग काही थांबला नाही. मग स्वित्झर्लंडमध्ये १९७८च्या शरद ऋतूत काही शास्त्रज्ञांनी रोन नदीच्या खोऱ्यात कोंबडीची मुंडकी टाकली. प्रत्येक मुंडक्यात लसीची छोटी पुडी. कोल्हा येतो, मुंडकं चावतो, पुडी फुटते, लस तोंडात. झालं काम!

तो डाव जमला. मग तयार आमिषं बनायला लागली, हेलिकॉप्टरमधून टाकायला लागले, आणि वीसेक वर्षांत पश्चिम युरोपातला कोल्ह्यांचा रेबीज जवळजवळ संपला. जी आग ब्रिटनच्या दारापर्यंत आली होती, ती दुसऱ्यांच्या जंगलात विझवली गेली.

दरम्यान दोन गोष्टी आणखी झाल्या. कुत्र्यांसाठी चांगल्या, मृत विषाणूच्या लशी आल्या. आणि लस लागू पडली की नाही, हे रक्तावरून मोजता येऊ लागलं. ही तपासणी गमतीशीर आहे. कुत्र्याच्या रक्तातलं सीरम घेतात, त्यात जिवंत रेबीजचा विषाणू मिसळतात आणि ते मिश्रण पेशींवर सोडतात. सीरममध्ये पुरेशी प्रतिपिंडं असतील तर विषाणू निकामी होतो. नसतील तर तो पेशींत शिरतो, आणि खास रंग लावला की त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात. पास व्हायचं प्रमाण जगभर एकच: एका मिलिलीटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक. जास्त किंवा तेवढंच असेल तर पास.

१९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये "आमच्या प्राण्यांना पासपोर्ट द्या" अशी चळवळ उभी राहिली. त्यात परराष्ट्र खात्याशी संबंधित घरं होती, सैन्यातली कुटुंबं होती, जी दर बदलीला कुत्रं कोंडून कोंडून कंटाळली होती. हाँगकाँगचा शेवटचा गव्हर्नर क्रिस पॅटन, ज्याच्या कुत्र्यांची नावं व्हिस्की आणि सोडा होती, तोही बदलाच्या बाजूचा. सरकारने प्राध्यापक इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा गट नेमला. १९९८मध्ये अहवाल आला: लस, चिप आणि रक्ततपासणी यांवर भरवसा ठेवता येईल, कोठडीची गरज नाही. २८ फेब्रुवारी २०००ला नवी योजना सुरू झाली.

सुरुवातीला फक्त युरोपातल्या निवडक देशांसाठी. मग यादी वाढली. पण भारत त्या यादीत नव्हता. पुण्यातलं कुत्रं लंडनला न्यायचं तर २०११च्या अखेरपर्यंत तेच, सहा महिने कोठडी. १ जानेवारी २०१२पासून ब्रिटनने युरोपाचे नियम स्वीकारले, तेव्हा भारतातल्या कुत्र्यालाही कागद पूर्ण करून थेट घरी जाण्याचा रस्ता उघडला.

आता ती यादी पुन्हा वाचू

चिप का? कारण कोठडीत कुत्रं डोळ्यांसमोर असतं. कोठडी काढली की सगळा भार कागदावर येतो. आणि कागदावरचं कुत्रं तेच समोरचं कुत्रं, हे सिद्ध कोण करणार? तपकिरी रंग, उभे कान, शेपूट गोल, या वर्णनाची देशी कुत्री आपल्या एका गल्लीत आठ सापडतील. म्हणून कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप, पंधरा आकडी नंबर.

आणि इथेच आपल्या चिंगीची गाडी अडकली होती. तिचं लसीकरण दरवर्षी वेळेवर झालेलं. चिप बसवली परदेशाचं ठरल्यावर, म्हणजे लशींच्या नंतर. नियमाप्रमाणे चिप आधी, लस नंतर. मालकीण म्हणाली, "पण लस तर दिलीय ना! पुस्तिकेत स्टिकर आहे." हो, दिलीय. पण ज्या दिवशी दिली त्या दिवशी ती "चिंगी" होती, नंबर नव्हती. स्टिकर कुठल्याही कुत्र्याचं असू शकतं. सीमेवरच्या माणसाच्या दृष्टीने ती लस कुणालाच दिलेली नाही. त्यामुळे पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस.

तीस दिवस का? प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो म्हणून. मग रक्त, तेही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच.

आणि पास झाल्यावर पुन्हा तीन महिने का? हा प्रश्न तिला सगळ्यात जास्त छळत होता. रिपोर्ट चांगला आलाय, मग थांबायचं कशाला? उत्तर ऐका. लस देण्याच्या आधीच चिंगीला एखादं पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल तर? विषाणू आधीच वाटेत असेल तर? रक्ताचा रिपोर्ट चांगला येईल, आणि तरी ती आजारी पडेल. म्हणून रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने वाट बघायची.

आलं का लक्षात? हे जुनं कॅलेंडरच आहे! कोठडी संपलेली नाही. ती लहान झाली आणि घरी आली. चिंगी क्वारंटाइनमध्येच आहे, फक्त स्वतःच्या चटईवर.

उरलेली ओळ जंतांच्या औषधाची. युरोपात कोल्ह्याकुत्र्यांमध्ये एक फीतकृमी असतो, माणसाच्या यकृताला घातक. ब्रिटनमध्ये तो नाही. म्हणून पोचायच्या २४ ते १२० तास आधी व्हेटकडून औषध आणि कागदावर वेळेसकट नोंद. विमान लेट झालं आणि १२० तास उलटले, तर अडचण.

बाकीची बेटं

बाकीच्या देशांचं थोडक्यात सांगते. जपान: दोन लशी, रक्ततपासणी, आणि मग १८० दिवस थांबा. ऑस्ट्रेलिया: भारतातून थेट प्रवेशच नाही, आधी मान्यताप्राप्त देशात जावं लागतं, आणि पोचल्यावर मेलबर्नजवळच्या सरकारी केंद्रात मुक्काम वेगळाच. तिथे २०१५मध्ये जॉनी डेपने खासगी विमानातून पिस्टल आणि बू ही दोन कुत्री न सांगता आणली. शेतीमंत्र्याने जाहीर सांगितलं, कुत्री परत पाठवा, नाहीतर त्यांना मारावं लागेल. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी त्याची तेव्हाची बायको अँबर हर्ड कोर्टात उभी राहिली, प्रवेशाच्या कागदावर खोटी माहिती दिल्याचं तिने कबूल केलं, आणि दोघांनी माफीचा व्हिडिओ केला. तो व्हिडिओ जगभर चेष्टेचा विषय झाला. पण यॉट असो की खासगी विमान, नियमाने पैसा बघितला नाही, हे मला आवडलं.

अमेरिका: तिथे २००७मध्ये कुत्र्यांमधला रेबीज संपल्याचं जाहीर झालं. मग २०२१मध्ये त्यांनी जास्त धोक्याच्या देशांतून येणारी कुत्री तात्पुरती थांबवली, आणि १ ऑगस्ट २०२४पासून नवे नियम आणले: कुत्रं किमान सहा महिन्यांचं, चिप असलेलं, आणि जास्त धोक्याच्या देशातून येत असेल तर आणखी कागद.

"जास्त धोक्याचा देश." या यादीत आपण आहोत.

आपण त्या यादीत का आहोत

हे वाचून पहिल्यांदा मला रागच आला होता. आमच्या कुत्र्यांनी काय घोडं मारलंय? मग आकडा वाचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात. त्यांत भारताचा वाटा मोठा आहे. आणि मरणाऱ्यांमध्ये पुष्कळ लहान मुलं असतात, गरीब घरांतली. कुत्रं चाटलं, ओरखडलं, घरी सांगितलंच नाही. किंवा सांगितलं आणि तिखट भरलं. किंवा दवाखाना लांब होता.

चिंगीचे चार महिने या मुलांमुळे जातायत. म्हणजे मुलांमुळे नाही, आपल्यामुळे. आपण या रोगाचं काम अर्धवट सोडलंय म्हणून.

कुत्री मारून हे काम होत नाही, हे आपल्याला फार पूर्वी कळायला हवं होतं. १८३२च्या जूनमध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, माणशी नव्हे, कुत्र्यामागे पैसे ठेवून. पारशी समाजात कुत्रा पवित्र. लोक रस्त्यावर उतरले, बाजार बंद झाला, किल्ल्यात गोऱ्यांची रसद अडवली. मुंबईतल्या पहिल्या दंगलींपैकी ही एक. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, आणि आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून तेच भांडतोय: मारा, की खायला घाला? तिसरा पर्याय, म्हणजे टोचा, त्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

तो पर्याय शेजारी गोव्याने करून दाखवला. २०१३-१४पासून राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून वाडीवाडीत फिरली. हातात जाळी, मोबाइलमध्ये नकाशा. कुठल्या गल्लीत किती कुत्र्यांना टोचलं याची नोंद. लक्ष्य ७० टक्के कुत्री, कारण तेवढी सुरक्षित झाली की साखळी तुटते. कुत्र्यांमधल्या केसेस ९० टक्क्यांहून जास्त घटल्या, २०१७नंतर काही वर्षं एकही माणूस दगावला नाही, आणि २०२१मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. ना समुद्राचं कुलूप, ना मुसक्या. स्वित्झर्लंडच्या मुंडक्यांचीच युक्ती, फक्त इथे जाळी घेऊन धावावं लागलं.

आणि चिंगी?

श्रोती आठ आठवड्यांनी एकटीच गेली. जायच्या रात्री खूप रडली, असं तिनेच लिहिलंय. चिंगी राहिली आईबाबांकडे, जे पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "ते कुत्रं आमच्या गळ्यात घालू नकोस." लस बाबांनी टोचून आणली. तीस दिवसांनी रक्ताला बाबाच घेऊन गेले. रिपोर्ट पास आला.

मी हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी तिला विचारलं, आता किती दिवस राहिले? म्हणाली, एकोणीस. आणि बाबांनी कॅलेंडरवर तारखेला गोल केलाय, पण तिला वाटतं तो आनंदाने केलेला नाही. सकाळी सहाला ते चिंगीला फिरवायला नेतात आणि येताना सोसायटीबाहेरच्या चार भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालतात. मागच्या रविवारी एका व्हेटला बोलावून त्या चौघांना लसही दिली. खर्च कुणी केला, हे घरात सांगितलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी परदेशी जायचा विचार करत असेल आणि घरात कुत्रं-मांजर असेल, तर व्हिसाच्या आधी, नोकरीच्या आधी, आजच चिप बसवून घ्या. मग लस. हाच क्रम. नियम बदलत राहतात, म्हणून जाणार त्या देशाचं अधिकृत पान स्वतः वाचा. आणि जायचं नसेल, तरी गल्लीतल्या एका कुत्र्याला लस मिळाली आहे का, एवढं बघा.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि कुत्रं चावलं तर तिखट नाही, साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि मग सरळ दवाखाना!